आमचा नवा पहारेकरी

पहारेकरी ठेवण्याची ऐपत आमच्या घराण्यात पूर्वी कोणाची नव्हती, आणि राखून ठेवावे असे काही कोणापाशी असल्याचेही ऐकिवात नाही. असे असून गेल्या दसऱ्यानंतर मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यावर एक पहारेकरी नेमला गेला, आणि तोही सशस्त्र व बिनपगारी! नेमणूक केली माझ्या नातवाने. पहारेकऱ्याची उंची वीतभर, डोळा एकच, आणि शस्त्र म्हणाल तर फोमचे बाण.

गुलटेकडीच्या यार्डात, भुसार विभागात, आमचा लहानसा गाळा आहे. माझा सारा जन्म दुसऱ्यांच्या पेढीवर वह्या लिहिण्यात गेला. पुढे मुलाने हिंमत करून स्वतःचा गाळा घेतला. मी आता तिथे गादीवर बसतो आणि जमाखर्चावर आपले लक्ष आहे असा चेहरा ठेवतो. खरे लक्ष असते ते रस्त्याकडे. कोणाची ज्वारी उतरते आहे, कोणाचा गूळ पाझरतो आहे, मिरचीच्या बाजूने वारा सुटला की कोण आधी शिंकते, हे पाहण्यात दिवस कसा जातो ते कळत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात झेंडूचे ढीग लागतात, ते ज्याने पाहिले नाहीत त्याने पिवळा रंग पाहिलाच नाही, असे माझे नम्र मत आहे.

आणि या यार्डात कबुतरे आहेत. धान्य तिथे कबुतर हे ठरलेलेच. पोते फोडायचा अवकाश, की ती पत्र्यावरून खाली उतरतात. खातात थोडे आणि घाण करतात फार. शेजारच्या गाळ्यातले शेठजी पुण्य जोडावे म्हणून रोज सकाळी त्यांना मूठभर ज्वारी टाकतात. ती खाऊन भूक चाळवली, की पाहुणे मुख्य जेवणाला आमच्याकडे येतात.

नातू अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत गाळ्यावर येऊन बसला, तासभर माझे हातवारे आणि "हुश्श, हुश्श" पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा. यांचा बंदोबस्त मी करतो."

मला वाटले, गोफण आणील. माझ्या लहानपणी राखणीला माळ्यावर बसून आम्ही गोफणीनेच पाखरे उडवीत असू. पण याने बुधवारात तपकीर गल्ली पालथी घातली, रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली, आणि पिशवीभर सामान घेऊन आला. पोराच्या खेळण्यातली एक मोडकी बंदूक, चार लहान मोटारी, लॅपटॉपला लावायचा एक कॅमेरा, आणि आर्डुइनो नावाची तळहाताएवढी हिरवी-निळी पट्टी. ही पट्टी २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी निघाली, आणि आज कॉलेजच्या पोरांच्या दप्तरात ती कंपासपेटीइतकी सर्रास सापडते.

यंत्र कसे चालते ते त्याने मला इतक्यांदा समजावून सांगितले, की आता मीही सांगू शकतो. कॅमेरा शटरच्या वर पक्का बसवलेला. तो सेकंदाला तीस चित्रे घेतो. संगणक प्रत्येक चित्र मोकळ्या अंगणाच्या चित्राशी ताडून पाहतो. जिथे फरक दिसेल तिथे काही तरी हलले असे समजतो, आणि त्या फरकाच्या ठिपक्याचा मध्य काढतो. मग एक मोटार बंदूक डावीउजवीकडे फिरवते, दुसरी वरखाली करते. उरलेल्या दोन मोटारींवर रबरी चाके असतात. ती समोरासमोर गरगर फिरत असतात. मागून बाण त्यांच्या फटीत ढकलला, की उसाच्या चरकात कांडे ओढले जावे तसा तो आत ओढला जातो आणि पुढे सुटतो.

"डोळा एका जागी आणि बाण दुसऱ्या जागी," मी म्हणालो, "हा तर मत्स्यवेध झाला."

"अर्जुनाचा कॅमेरा पाण्याचा होता, एवढाच फरक," नातू म्हणाला. मी गप्प बसलो.

पण मत्स्यवेध एवढा सोपा नव्हता. बाणाचा वेग सेकंदाला पंधरा मीटर धरला, तर दहा फुटांवर पोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात तो सुमारे वीतभर खाली येतो, आणि कबुतर थोडे पुढे गेलेले असते. म्हणजे ते जिथे आहे तिथे नव्हे, तर जिथे असेल तिथे नेम धरायचा. हाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धात विमानांवर तोफा डागणाऱ्यांपुढे होता. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने त्यावर डोके चालवले, आणि त्या विचारातून पुढे १९४८ साली 'सायबरनेटिक्स' हा त्याचा ग्रंथ निघाला. पुढे १९५५-५६ साली तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिलाही होता. याच माणसाने १९४७ च्या जानेवारीत एक पत्र छापून जाहीर केले, की क्षेपणास्त्रे बनवणाऱ्यांना आपण आपले लिखाण देणार नाही. नातवाने वीनरचे गणित घेतले. पत्राची गोष्ट मला मागाहून वाचायला मिळाली.

पहिल्या दिवशी यंत्राने एकंदर अकरा बाण सोडले. त्यांतले सात उन्हाच्या कवडशावर. पत्र्याच्या फटीतून ऊन खाली येते, ढग आला की विझते, गेला की पेटते. आमच्या पहारेकऱ्याला ते कबुतर वाटे. शेजारचे हमाल काम थांबवून टाळ्या वाजवीत होते. शेठजीही हसले, पण सकाळची ज्वारी त्यांनी दुसऱ्या दिवसापासून आमच्या गाळ्यापासून लांब टाकायला सुरुवात केली. म्हणजे यंत्राचा काही उपयोग झालाच म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी मात्र जे घडले त्याचे हसू आले नाही.

आमच्या ओळीतल्या गाळ्यांपुढे एक म्हातारी झाडलोट करते. सारे तिला मावशी म्हणतात. पोती चढताउतरताना जे दाणे सांडतात ते ती झाडून गोळा करते, सुपात पाखडते, खडे-माती वेगळी काढते आणि फडक्यात बांधून घरी नेते. कोणी लिहून दिलेले नाही, पण ते दाणे तिचे, हे साऱ्यांना मान्य आहे. त्या दुपारी मी पेंगत होतो, नातू चहा आणायला गेला होता, आणि यंत्र चालू राहिले होते. मावशी नेहमीप्रमाणे ओणवी होऊन उंबऱ्याशी आली. मोटारी घरघरल्या. बाण तिच्या कानाखाली लागला.

फोमच तो, लागणार किती? पण डोळ्यावर बसला असता तर तोही अपाय करतो. म्हातारी दचकली, सूप हातातून सुटले आणि सकाळपासून निवडलेले दाणे पुन्हा मातीत गेले. तिने वर पाहिले. समोर गादीवर मी होतो. बंदूक तिच्या नजरेत आलीच नाही.

"नको आसंल तर तोंडानं सांगा की, मालक," ती म्हणाली. "मारून कशाला हाकलता?"

आयुष्यात मला कोणी मालक म्हटलेले नव्हते. प्रथम म्हटले ते असे. मी उठून यंत्राची तार ओढून काढली, तिला समजावून सांगू लागलो. कॅमेरा, कबुतर, नातवाचा प्रयोग. ती ऐकत होती, पण तिचे लक्ष मातीतल्या दाण्यांकडे होते. नातू चहा घेऊन आला, त्याला सारे कळले आणि त्याचा चेहरा उतरला. आम्ही दोघांनी खाली बसून तिच्याबरोबर दाणे वेचले. वह्या लिहून झिजलेल्या माझ्या बोटांना त्या दिवशी कळले, की मूठभर ज्वारी मातीतून वेचायला किती वेळ लागतो.

त्या रात्री नातू झोपला नाही. "आजोबा, चूक माझी आहे. मी त्याला हलणारे दाखवले, माणूस दाखवलाच नाही. आता तो माणसावर बाण सोडणार नाही." यासाठी तयार सोय होती. २००५ सालीच फ्रान्समधल्या एका संशोधन संस्थेत नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज या दोघांनी चित्रातला माणूस ओळखण्याची एक पद्धत काढली. दलाल हे आडनाव ऐकून आमच्या बाजाराला आपला माणूस भेटल्यासारखे वाटावे. चित्रातल्या कडा कोणत्या दिशेने जातात हे मोजायचे, आणि त्यावरून डोके, खांदे, पाय यांची ठेवण ताडायची. ही पद्धत नातवाच्या जुन्या लॅपटॉपलाही झेपण्यासारखी होती.

सकाळी त्याने परीक्षा घेतली. स्वतः अंगणात उभा राहिला. पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटली आणि यंत्र निमूट राहिले. मी उभा राहिलो, माझ्याभोवतीही उमटली. या वयात यंत्राने आपल्याला माणसांत काढले, याचा मला आनंदच झाला. नातू खुशीत हसला आणि आदल्या दिवशीचा एक बाण जमिनीवर पडला होता तो उचलायला वाकला. हिरवी चौकट पुसली गेली. दुसऱ्याच क्षणी बाण त्याच्या पाठीत बसला.

आपल्या कर्त्याला यंत्राने ओळखले नाही. तो वाकला होता, एवढाच त्याचा अपराध.

मग त्याने खोलात जाऊन पाहिले. त्या पद्धतीला शिकवताना जी चित्रे दाखवली होती, ती उभ्या माणसांची होती. चौकटसुद्धा उभी, रुंदीच्या दुप्पट उंचीची. ताठ उभा राहतो किंवा चालतो तो माणूस, असे ते यंत्र शिकले होते. त्या संशोधकांना मी दोष देत नाही. त्यांना रस्त्यावरचे पादचारी ओळखायचे होते. पण मी गादीवरून बाहेर पाहिले. समोरून एक हमाल पाठीवर पोते घेऊन चालला होता, कमरेत पार वाकलेला. त्याच्या मागे दुसरा. पलीकडे दोघी बाया उकिडव्या बसून धान्य चाळीत होत्या. मावशी ओणवी होती. साऱ्या ओळीत ताठ उभे असे फक्त आम्ही दोघे होतो, आणि आम्हाला काही काम नव्हते.

वाकलेल्या माणसाला माणूस म्हणून मोजायला आपल्यालाही पुष्कळ वेळ लागला आहे, हे मी त्याला सांगितले. डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, हमालांनी वर्षानुवर्षे भांडण मांडले, तेव्हा कुठे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला. ओझे वाहणाऱ्यालाही म्हातारपण येते, दुखणे येते, हे कायद्याच्या नजरेला दिसायला एवढे दिवस गेले. मग बिचाऱ्या यंत्राला एका रात्रीत कसे दिसावे?

नातू म्हणाला, "आता याहून हुशार पद्धती आहेत, आजोबा. वाकलेला, बसलेला माणूससुद्धा त्या पुष्कळदा ओळखतात."

"पुष्कळदा," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मग मी त्याला एक गोष्ट सांगितली. १९८३ च्या २६ सप्टेंबरची रात्र. रशियात, मॉस्कोजवळच्या एका तळघरात स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा अधिकारी पहाऱ्यावर होता. उपग्रहांनी इशारा दिला, की अमेरिकेकडून क्षेपणास्त्रे सुटली आहेत. एक, मग आणखी, अशी पाच. यंत्र खात्रीने सांगत होते. पेत्रोव्हने विचार केला, युद्ध करायचे तर कोणी पाचच कशाला सोडील? त्याने हा इशारा खोटा आहे असे वर कळवले आणि तो वाट पाहत बसला. काही आले नाही. मागाहून कळले, की उंच ढगांवरून परतलेले ऊन उपग्रहांना क्षेपणास्त्रांसारखे दिसले होते.

"म्हणजे कवडसा!" नातू म्हणाला.

"कवडसाच."

आमच्या बाजारात तोलणारा हा एक वेगळा माणूस असतो, विकणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. इलेक्ट्रॉनिक काटे आले, आकडा आपोआप दिसू लागला, तेव्हा आता तोलणारा कशाला, असा वाद पुष्कळ रंगला. मला त्यातला कायदा कळत नाही. पण धान्य मोजणारी जुनी माणसे पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणत, हे मला आठवते. काट्याला वजन कळते. लाभ कोणाचा, हे म्हणायला तोंड लागते. मावशीने माझ्याकडे तेच तर मागितले होते, की सांगायचे ते तोंडाने सांगा.

दिवाळीच्या दोन दिवस आधी नातवाने यंत्र पुन्हा जोडले. आता ते पाहते, फिरते, नेम धरते आणि थांबते. बाण सोडण्यासाठी दारावरच्या जुन्या घंटेचा खटका एका लांब तारेला लावून त्याने माझ्या गादीशी ठेवला आहे. "यंत्र नेम धरील, आजोबा. सोडायचे की नाही ते तुम्ही ठरवा." मला झोप लागली तर बाण सुटत नाही, आणि दुपारी मला झोप लागतेच, त्यामुळे पहारा पूर्वीपेक्षा पुष्कळ ढिला झाला आहे. मुलाला हे पसंत नाही. मला आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गाळ्यात वह्या मांडल्या, काट्याला हळदकुंकू वाहिले. मावशी फराळाला आली. नातू तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, आणि त्या दिवशी लाजेने राहून गेलेले बोलला. "मावशी, माझं चुकलं." ती म्हणाली, "आरं, ल्हान हाय त्ये यंतर. शिकंल." मग त्याने तिला गादीवर बसवले आणि खटका तिच्या हाती दिला. एक कबुतर पणत्यांच्या उजेडात चुकून खाली उतरले होते. यंत्राने नेम धरला. मावशीने खटका धरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"खाऊं द्या," ती म्हणाली. "सणाचं हाय."