पॉलिश

मागच्या दिवाळीत पुण्याहून भंडाऱ्याला घरी जाताना पेन ड्राइव्हवर आत्याचं लग्न घेऊन गेलो होतो. २००४ सालचं लग्न, पवनी तालुक्यातल्या आमच्या जुन्या गावचं. तेव्हाच्या दोन व्हीसीडी होत्या. त्यातली फिल्म कॉम्प्युटरवर काढून घेतली, एआयच्या एका सॉफ्टवेअरमधून रात्रभर फिरवली आणि हाय-डेफिनिशन करून टाकली. घरच्यांना सरप्राइज द्यायचं होतं.

हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावलं. मांडव चकचकीत. साड्यांचे रंग धुतल्यासारखे. मग आजीचा क्लोजअप आला. आजी जाऊन आता नऊ वर्षं झाली. बाबा थोडे पुढे सरकले, बघत राहिले आणि म्हणाले, "हे माही माय नाही वाटत बा."

आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर, कपाळावर व्रण होते. सॉफ्टवेअरने ते सगळे भरून टाकले होते. समोर एक गुळगुळीत, तिशीतली वाटणारी बाई बसली होती आणि तिने आजीचं लुगडं नेसलं होतं.

मला जास्त लाज वाटली, कारण ही चूक मला चांगली ओळखीची होती. कॉलेजपासून मी ह्याच चुकीवर लोकांशी भांडत आलोय.

नागपूरला इंजिनीअरिंगला असताना हॉस्टेलवर एका सीनियरकडे ब्लू-रे ड्राइव्ह होता. त्याच्याकडे 'प्रीडेटर'ची २०१० सालची डिस्क होती. सिनेमा १९८७चा, पण डिस्कवर अरनॉल्ड श्वार्झनेगर मेणाच्या पुतळ्यासारखा दिसायचा. जंगलात घामाघूम झालेला माणूस, आणि कातडीवर एक छिद्र नाही. मला वाटलं, एचडी म्हणजे असंच असतं. पुढे नोकरी लागल्यावर त्याच सिनेमाची २००८ची जुनी डिस्क सेकंडहँड मिळाली. चित्र खरखरीत, आकाशात ठिपके वळवळतायत. पण त्यात घाम होता, माती होती. तो माणूस होता.

ते ठिपके म्हणजे फिल्मचा दाणा. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांमुळे. हे कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, म्हणून पडद्यावर सतत हलताना दिसतात. ते चित्रावर बसलेली धूळ नसतात. चित्र त्यांचंच बनलेलं असतं.

२००६ साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी एकाच वर्षी बाजारात आल्या तेव्हा हा दाणाच अडचणीचा ठरला. व्हिडिओ लहान करण्याची युक्ती साधी आहे: आधीच्या फ्रेममध्ये जे होतं तेच पुढच्या फ्रेममध्ये असेल, तर ते पुन्हा साठवायचं नाही. दाणा प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो, त्यामुळे तो सगळ्यात जास्त जागा खातो. पहिल्या बऱ्याच ब्लू-रे २५ जीबीच्या एका थराच्या होत्या आणि त्यावर डीव्हीडीच्याच जमान्यातलं एमपेग-२ वापरलेलं होतं. भरीला कितीतरी वेळा डीव्हीडीसाठी केलेली जुनी मास्टर प्रतच पुन्हा वापरली जायची. डीव्हीडीच्या ५७६ ओळींत जे खपून जायचं, ते १०८० ओळींत उघडं पडलं. 'द फिफ्थ एलिमेंट' ही अगदी पहिल्या ब्लू-रेंपैकी एक. तिच्यावर इतकी टीका झाली की पुढच्याच वर्षी सोनीने नव्या मास्टरवरून ती पुन्हा काढली.

फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली आणि ब्लू-रे जिंकली. आता नवीन फ्लॅट टीव्ही घेतलेल्या गिऱ्हाइकाला खूश करायचं होतं. त्याला खरखर म्हणजे बिघाड वाटायचा. मग दाणा पुसायला सुरुवात झाली. सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेम्स पडताळून बघतं आणि जे क्षणभरच दिसतं ते कचरा समजून काढून टाकतं. २००८ची 'पॅटन' अशीच मेणचट झाली. २००९च्या 'ग्लॅडिएटर'मध्ये तर सुरुवातीच्या लढाईतल्या काही फ्रेम्समधून उडणारे जळते बाणच गायब झाले. सॉफ्टवेअरला ती घाण वाटली. वर्षभरात ती डिस्क नव्याने काढावी लागली.

आमच्या भंडाऱ्यात हे समजावून सांगायला सोपं आहे. बाबा एका राइस मिलमध्ये हिशेब बघायचे. धान भरडून निघालेला तांदूळ तांबूस, मळकट दिसतो. पॉलिश केला की पांढराशुभ्र होतो, बाजारात उठून दिसतो. पण कोंड्याबरोबर त्यातलं सत्त्वही जातं, हे मिलमधल्या कुणालाही विचारा.

एवढं सगळं माहीत असून मी आजीला डबल पॉलिश मारलं होतं.

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८. ते १०८० ओळींपर्यंत ताणलं की जुन्या एका पिक्सेलमागे साधारण चौदा नवे पिक्सेल लागतात. ते कुठून येणार? एआयने आधी पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांच्या अंदाजातून. त्या चेहऱ्यांत देवीचे व्रण असलेल्या म्हाताऱ्या फार नसाव्यात. 'ग्लॅडिएटर'च्या वेळचं सॉफ्टवेअर निदान फक्त पुसत होतं. आताचं पुसतं आणि वर स्वतःचं भरतं. २०२४ साली 'एलियन्स' आणि 'ट्रू लाइज'च्या फोरके डिस्क आल्या तेव्हा लोकांची हीच तक्रार होती.

चेहऱ्यावरच थांबलं नव्हतं. वरात शाळेवरून जाते तिथे भिंतीवर गावाचं नाव रंगवलेलं आहे. व्हीसीडीत ते पुसट आहे, पण ज्याला माहीत आहे त्याला वाचता येतं. माझ्या एचडी प्रतीत तिथे छान, ठळक अक्षरं होती आणि ती कुठल्याच भाषेतली नव्हती. आत्याने विचारलं, "हे काय लिवलं रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते गाव आता नाही. गोसेखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. वैनगंगेचं पाणी चढायला त्यानंतर वीसएक वर्षं लागली. तोवर लग्नं होत राहिली, घरं शाकारली जात राहिली. ती भिंत पाण्याखाली गेली आहे आणि आमच्याकडे तिचं दुसरं चित्र नाही.

'फिफ्थ एलिमेंट' सुधारली कारण मागे फिल्म शाबूत होती. म्हणून मी शूटिंगवाल्या काकांना शोधून काढलं. त्यांची मूळ कॅसेट मिळाली असती तर व्हीसीडीच्या चौपट पिक्सेल मिळाले असते. ते हसले. म्हणाले, "कॅसेट महाग होती बाबू. एकीवर चार-चार लग्नं काढत होतो." आत्याच्या लग्नावर दुसऱ्या कुणाचं तरी लग्न उमटलं होतं. त्यांना दोष कसा देणार? पुण्यात ८ जानेवारी २००३ला एफटीआयआयच्या आवारात आग लागली, तेव्हा प्रभातच्या जुन्या नायट्रेट फिल्म्सही जळाल्या. जिथे जपायचं कामच चालतं तिथे हे होतं, तर पवनीच्या स्टुडिओचं काय.

म्हणजे व्हीसीडी हीच आमची मूळ प्रत. दोन्ही डिस्क एक बिटही न बदलता उतरवून तीन ठिकाणी ठेवल्या. दुसरी डिस्क पाठवणीच्या वेळी अडकते, तिचा थर खराब झालाय. तेवढा भाग गेलाच. एआयची प्रत काढून टाकली. आत्याच्या मुलीला ती आवडली होती, ती थोडी रुसली.

मोठ्या टीव्हीवर मूळ प्रत बघवत नाही, नुसते चौकोन दिसतात. बाबा ती मोबाइलवर बघतात. एवढ्याशा पडद्यावर चौकोन जाणवत नाहीत. दिवाळीच्या शेवटच्या रात्री ते ओट्यावर बसून बघत होते. मध्येच थांबवायचे आणि बोट ठेवून मला सांगायचे: ही आपली विहीर. हा गोठा. ह्या मोहाच्या मागे तुझ्या आजोबांची बाज असायची.

मोह मला दिसत नव्हता. हिरवट काळा डाग होता. मी हो म्हणालो.