उन्हाळ्यातील ध्वनिमुद्रण

सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी सोलापूरकरांना नव्याने सांगावे असे काही नाही. वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर गेला, तरी आमच्या भवानी पेठेत त्याचे कोणाला नवल वाटत नाही. दुपारी दुकानाचे शटर अर्धे खाली येते, एवढेच. माणूस निदान सावलीला सरकतो. यंत्राला तेही जमत नाही. अनेक मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत भोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ४० अंश दिलेली असते. म्हणजे आमच्याकडे कळ दाबण्यापूर्वीच ती ओलांडलेली असते.

हे लिहिण्यास निमित्त झाले आमच्या आत्यांचे. वय ८६. लग्नातली, बारशातली, जात्यावरची कितीतरी गाणी त्यांना मुखोद्गत आहेत. काही मराठी, काही आमच्या घरच्या गुजराती वळणाची. ती लिहून ठेवता येतात, पण चाल वहीत उतरत नाही. छातीचे दुखणे बळावल्यापासून पावसाळ्यापर्यंत थांबण्याचा धीर कोणालाच होईना. धाकट्या बंधूंचा ध्वनिव्यवस्थेचा व्यवसाय आहे. त्यांच्या ओम्नी गाडीत मिक्सर, रेकॉर्डर आणि बॅटरीवरचा वीजपुरवठा एका रॅकमध्ये बसविलेला आहे. तेव्हा मे महिन्यातच घरी ध्वनिमुद्रण करावयाचे ठरले.

खरी अडचण अशी, की यंत्र थंड ठेवणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू आवाज करते. पंखा घरघरतो, एसी गुणगुणतो, कूलरचे तर विचारूच नये. लग्नाच्या मांडवात हे खपते. वृद्ध कंठातला बारीक स्वर टिपताना मायक्रोफोन पंखाही तितक्याच इमानाने टिपतो. पंखा बंद करावा, तर उष्णता साठते. मिक्सर आणि वीजपुरवठा मिळून शंभर वॉट खात असतील, तर जुना शंभरचा बल्ब लोखंडी पेटीत कोंडल्यासारखेच ते आहे. अशा उष्णतेने यंत्र मध्येच बंद पडते, हा झाला तात्कालिक तोटा. आतले कपॅसिटर मात्र दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मे आयुष्य गमावतात, आणि तो तोटा खतावणीत उशिरा दिसतो.

व्यापारी घरांना यावरचा उपाय नवा वाटू नये. गोदामात पोती भिंतीला चिकटवून कोणी थप्पी लावत नाही. खाली लाकडी फळ्या आणि बाजूने हवेला वाट ठेवतो. रॅकचेही तसेच. बंधूंनी दोन यंत्रांमध्ये एकेक खण मोकळा सोडला, सर्वांत तापणारा वीजपुरवठा वर घेतला, खालून हवा आत येण्यास जाळी ठेवली आणि वर मोठा, संथ फिरणारा पंखा बसविला. लहान पंखा तेवढीच हवा ढकलण्यास वेगाने फिरतो आणि म्हणून अधिक ओरडतो. कूलरचा झोत थेट यंत्रावर सोडण्याची सूचना घरातून आली होती. ती त्यांनी ऐकली नाही. आमच्याकडच्या जड पाण्याचे तुषार सुकले की पांढरा क्षार मागे राहतो, आणि जोडणीच्या पिनांवर तो नको.

सर्वांत उपयोगी ठरले ते अंतर. समतोल जोडणीच्या केबलमधून मायक्रोफोनचा संकेत तीस मीटर सहज जातो. म्हणून गाडी बोळात, पिंपळाच्या सावलीत, दारे उघडी ठेवून उभी केली. उन्हात बंद राहिलेल्या गाडीच्या आत तासाभरात बाहेरच्याहून वीसेक अंश अधिक तापमान होऊ शकते. पंखा तिकडे घरघरत राहिला. आत्या जाड भिंतींच्या माजघरात बसल्या. शेजारच्या यंत्रमागांची खडखड तिथवर पुसटच येते.

वेळेचा प्रश्न उरला. बंधूंना रात्र हवी होती, पण आत्यांचा चौविहार. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही, आणि कोरड्या घशाने दोन तास गाणे कसे व्हावे? तेव्हा पहाट ठरली. सूर्योदयानंतर पाणी घेईपर्यंत चार ओळी गुणगुणायच्या, मग खरे मुद्रण. जात्यावरच्या ओव्या मुळात त्याच वेळेच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखावर ओव्या जमविल्या. त्यांतील काही हजारांचे ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात केले. ते ऐकताना गाण्यामागची घरघर जात्याची असते, आणि ती कोणालाही खटकत नाही. पंख्याची खटकते. असो.

तीन सकाळी मिळून एकेचाळीस गाणी झाली. तिसऱ्या दिवशी साडेनऊला रॅकमधला तापमापक ३९ दाखवू लागला. बंधूंनी बोळातून हात वर केला आणि काम थांबविले. आत्यांचे बाराव्या महिन्याचे गाणे राहिले होते. त्या म्हणाल्या, "उद्या पाणी घेतल्याबरोबर ते घे." चौथ्या सकाळी, सव्वासहाला, ते घेतले. आता दोन हार्डडिस्कवर सारे आहे: एक दुकानाच्या आतल्या कपाटात, एक अकलूजच्या चुलत बहिणीकडे.