कावडीतलं पाणी

पुणे
चैत्र शुद्ध प्रतिपदा

तीर्थरूप आबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचा निरोप धाकट्याकडून कळला. सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घालायचा नाही, हॉल घ्यायचा नाही, तुलादान तर मुळीच नको. धाकटा हिरमुसला. मी दोन रात्री विचार केला आणि आज पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्ही ‘बरं हाय, ठेवतो’ म्हणून मोकळे होता. पत्र मात्र पुन्हा पुन्हा वाचता. आईने मास्तरांकडून लिहून घेतलेली, ५६ ए.पी.ओ.च्या पत्त्यावर तुम्हाला मिळालेली आंतरदेशीय पत्रं अजून तुमच्या काळ्या ट्रंकेत आहेत.

दिवाळीत धाकट्याच्या मुलाने विचारलं, “आबा, लढाईत काय केलं?” तुम्ही म्हणालात, “चाललो.” बाकीचं मग मीच त्याला सांगितलं. १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण, म्हणजे तुमची पहिली मराठा, डिसेंबर १९७१ मध्ये मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात उतरली. जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे रस्ता अडवून बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या बलुच पलटणीला शरण येण्याचं पत्र पाठवलं, तर उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. पुढे एका रात्री ते बलुच सैनिक बाहेर पडले आणि तुमच्या नाकाबंदीवर येऊन आदळले. ११ तारखेला जमालपूर पडलं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. पोरगा श्वास रोखून ऐकत होता. शेवटी तुम्ही एवढंच म्हणालात, “नदी लई मोठी होती. तेवढं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं.”

त्या वाक्याचा अर्थ मला आत्ता आत्ता कळायला लागलाय.

ती नदी पाहून तुम्ही १९७३ च्या उन्हाळ्यात रजेवर आलात तेव्हा माणदेशात विहिरींचे तळ फाटले होते. राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आई त्यांतलीच एक. ती खडी फोडत होती आणि मी बाभळीला बांधलेल्या झोळीत होते, असं तीच सांगते. यष्टीतून उतरून तुम्ही घरी गेलात, घराला कडी. मग तसेच खडीच्या ढिगापाशी आलात. आईने प्यायला पाणी द्यायला घागर तिरकी केली आणि तळातून गाळ आला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन तिच्या शेजारी बसलात आणि रजा संपेपर्यंत खडी फोडलीत. देशाने ज्याला शूर म्हटलं त्या माणसाच्या घरात घागरभर नितळ पाणी नव्हतं. हे तुम्ही कुणाच्या नावावर टाकलं नाहीत, स्वतःच्या डोक्यावर कर्ज म्हणून घेतलंत.

पेन्शनीत आल्यावर तुमचा दिवस पहाटे माळावर सुरू व्हायचा. लोक म्हणायचे, हवालदाराला येड लागलं. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरही धड पडत नाही आणि पडतो तो तासाभरात माती घेऊन ओढ्याला जातो. पलटणीत नकाशावाचन शिकलेल्या तुम्हाला डोंगराच्या समउंचीच्या रेषा जमिनीवर दिसायच्या. तीन बांबूंची ए-फ्रेम, मधे दोरीला टांगलेला दगड, खाली फक्कीची पांढरी रेघ, आणि त्या रेघेवर चर. खणलेली माती उताराच्या बाजूला, त्या मातीवर कडुनिंब आणि करंज. काम माथ्यापासून पायथ्याकडे, कारण वरचं पाणी थोपवल्याशिवाय खालचा बांध टिकत नाही. रोपांशेजारी बुडाला भोक पाडून वात घातलेली मडकी पुरायचात आणि ती भरायला आम्हा पोरांना खेपा घालायला लावायचात.

आबा, एक गोष्ट कधी बोलले नाही. मला त्या मडक्यांचा राग होता. इतकी वर्षं बाप सीमेवर, आणि घरी आला तर डोंगरावर. वणव्यात तीन वर्षांची झाडं एका दुपारी जळाली, तेव्हा मनात म्हणाले होते, बरं झालं, आता तरी हे घरात बसतील. तुम्ही राखेत उभे होतात. आई गप्पपणे पाटी घेऊन आली आणि काळे खुंट उपटायला लागली. त्या दिवशी पाहिलं की हे काम तुमच्या एकट्याचं कधीच नव्हतं. पेन्शनीतून रोपं तुम्ही आणायचात. पीठ, मीठ, आमच्या फिया कशा भागायच्या ते तीच जाणे.

तुमचा देवही मला उशिरा कळला. तुम्ही फारसं देवळात बसत नाही. पण दर चैत्रात शिखर शिंगणापूरला, मुंगी घाटाच्या पायथ्याशी हजर. कऱ्हेच्या पाण्याने भरलेली कावड माणसांची साखळी करून तो कडा चढते, एकमेकांच्या आधाराने, शंभू महादेवाला स्नान घालायला. एकदा तुम्ही मला तिथला तलाव दाखवून सांगितलंत, “हा मालोजीराजांनी बांधला, यात्रेकरूंची तहान बघून. तलवारीचा माणूस, पण देवाला तळं दिलं.” तेव्हा मी ऐकून सोडून दिलं. आज वाटतं, तुमची सगळी भक्ती त्या एका वाक्यात आहे. तहानलेल्यापर्यंत पाणी न सांडता पोचवायचं.

२०१८ च्या, जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत आपल्या माण तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. त्या उन्हाळ्यात आपल्या गावातही पहाटे पाचला शेकडो माणसं कुदळी घेऊन माळावर होती. गळ्यात पलटणीची शिट्टी अडकवून तुम्ही रेघा तपासत फिरत होतात. येडा म्हणणाऱ्यांची नातवंडं तुमच्याकडून ए-फ्रेम धरायला शिकत होती. आता चैत्रातही आपल्या आडात पोहरा बुडतो. आबा, घागरीतल्या त्या गाळाचं कर्ज फिटलंय. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र.

तेव्हा हॉल नको, तुलादान नको, कबूल. सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या रात्री आम्ही सगळे मुक्कामी येतो, जावई, सुना, नातवंडं, सगळे. पहाटे पाचला माथ्यावर. वरच्या चरांत गाळ साचलाय, तो पाऊस पडायच्या आत काढायला हवा. शिट्टी तुम्ही वाजवायची. औक्षणाचं ताट आई तिथंच करंजाखाली आणणार आहे. त्याला तरी नाही म्हणू नका.

अकरा दिवसांनी कावडी घाट चढतील. मी सोबत येते. गर्दीत माझा हात धरा, म्हणजे मला तुमचा धरता येईल.

तुमची,
थोरली