आठ दिवसांची राखण

अंतिम सामना म्हटला की, एका सायंकाळी सारे काही निकालात निघावे, अशी आपली अपेक्षा असते. युरोपातील महिलांच्या क्लबांसाठी २००१ साली सुरू झालेल्या यूएफा महिला कप फुटबॉल स्पर्धेत मात्र २००३ ते २००९ या काळात अंतिम फेरीत दोन सामने होत. प्रत्येक संघ एकेकदा यजमान असे आणि दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरे.

यांतील २००७ ची लढत मला सर्वांत बोधप्रद वाटते. एका बाजूस होता उत्तर स्वीडनमधील उमेओ संघ. २००३ व २००४ साली त्यानेच हा चषक जिंकला होता आणि ब्राझीलची विख्यात मार्ता त्याच्याकडून खेळत होती. दुसरीकडे लंडनचा आर्सेनल. त्याची अव्वल खेळाडू केली स्मिथ निलंबनामुळे बाहेर बसलेली. २१ एप्रिलला उमेओ येथे नव्वद मिनिटे सरली, तरी गोलफलक कोराच होता. वाढीव वेळेत आर्सेनलच्या अ‍ॅलेक्स स्कॉटने दुरून चेंडू मारला आणि तो जाळ्यात गेला.

परंतु खरी कसोटी त्यानंतरची. पुढचा सामना २९ एप्रिलला होता. मिळवलेले एवढेसे धन गाठीशी बांधून आठ दिवस काढायचे, हे काही सोपे नव्हे. जो पिछाडीवर असतो, त्याला निदान काय करायचे ते स्पष्ट असते. आघाडीवर असलेल्याला मात्र पुढे धावावे की आहे ते राखावे, हा प्रश्न छळतो. आपल्या संसारातही मिळवण्याइतकेच राखण्याला धैर्य लागते. पण त्याचे कौतुक क्वचितच होते.

लंडनच्या उत्तरेस बोरहॅम वुडच्या लहानशा मैदानावर उमेओने पुष्कळ जोर लावला. पण गोलरक्षक एमा बर्न आणि तिच्यापुढील बचावफळी ढळली नाही. सामना गोलाविना संपला. त्या एका गोलावर हा चषक प्रथमच इंग्लंडला गेला.

२०१० पासून एकाच सामन्यात निर्णय होऊ लागला. २०२५ साली लिस्बनला आर्सेनलने बार्सिलोनाला हरवून पुन्हा अजिंक्यपद मिळवले, तेही १-० असेच. मात्र तेथे गोलानंतर काही मिनिटेच तग धरायचा होता. २००७ च्या त्या मुलींनी आपला गोल आठ दिवस आणि आणखी एक पूर्ण सामना जपला, म्हणून माझ्या मनात त्यांचे स्थान किंचित वरचे आहे.