वॅट छापायला शाई पुरते

नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत पाच एचपीची मोटर बसवायची म्हटली की शेतकरी आधी थ्री फेजची सोय बघतो, मग केबलची जाडी, मग स्टार्टर. पाच एचपी म्हणजे ३,७३० वॅट, आणि एवढी ताकद हवेतून येत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच नाशिकमध्ये एका हातात उचलता येणारा, टेबलफॅनला असते तेवढीच वायर असलेला खोका '५,००० वॅट'चा अ‍ॅम्प्लिफायर म्हणून विकला जातो आणि आपण तो कौतुकानं घरी नेतो. मोठ्या ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानं बांधायचा नाद ज्याला लागलाय, त्याला ही गोष्ट फार खुपते. मला तर अजूनही खुपते. घरातल्या ६ अ‍ॅम्पियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १,३८० वॅट मिळतात. उरलेले वॅट छापखान्यातून येतात.

माझं म्हणणं सरळ आहे. अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट ट्रान्झिस्टरमध्ये नसतात, ते ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि हीटसिंकमध्ये असतात. ट्रान्झिस्टर हा नळ. पाणी टाकीतलंच येणार. ४०-०-४० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तर ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटरनंतर साधारण अधिक-उणे ५५ व्होल्ट डीसी हाती येतं. ८ ओहमच्या स्पीकरवर त्यातून कागदावर १८९ वॅट निघतात. लोड पडल्यावर व्होल्टेज बसतं, ट्रान्झिस्टर स्वतःसाठी थोडं ठेवून घेतात, आणि दीडशेच्या आसपास प्रामाणिक वॅट उरतात. असे दोन चॅनेल जोरात चालवायचे तर ५०० व्हीएच्या आसपासचा, चांगला काही किलोंचा ट्रान्सफॉर्मर लागतो. ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या चार जोड्या लावून बोर्ड भारदस्त दिसेल, पण ट्रान्सफॉर्मर तोच असेल तर वॅटही तेवढेच राहतील.

दुसरा हिशेब उष्णतेचा, आणि नवशिक्या इथेच फसतो. त्याला वाटतं, आवाज पूर्ण वाढवला की अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत जास्त तापणार. क्लास एबी सर्किटमध्ये तसं होत नाही. पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात. वरच्या उदाहरणात ८ ओहमला एका चॅनेलची ७७ वॅट उष्णता होते. ४ ओहमचा स्पीकर जोडला की ती दुप्पट. ५२००च्या डेटाशीटवर १५० वॅट लिहिलेले असतात खरे, पण ते त्याची केस २५ अंशांवर असताना. केस ८० अंशांवर गेली की तोच ट्रान्झिस्टर जेमतेम ८४ वॅट सोसतो. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हीटसिंकची सुरुवातच चाळिसापासून होते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर पैसे वाचवू नयेत. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधल्या अभ्रकाच्या पट्टीला पेस्ट पातळ लावावी. जाड थर उष्णता उलट अडवतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: संगीत म्हणजे सलग सूर नव्हे, ठोका क्षणभराचाच असतो, मग क्षणभराचे वॅट छापले तर बिघडलं काय? क्षणभराचा साठा कपॅसिटरमध्ये असतो, तेव्हा तोही मोजून पाहू. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ५५ व्होल्टला १५ ज्यूल मावतात. दोन्ही बाजूंचे मिळून ३०. ते पार रिकामे केले तरी १,००० वॅट ३० मिलिसेकंद पुरतात, ५,००० वॅट फक्त सहा. नाशिक ढोलाच्या एका ठोक्याचा घुमारासुद्धा याहून लांब असतो. दुसरा आक्षेप क्लास डीचा. ते बोर्ड ९० टक्क्यांपर्यंत कार्यक्षम असतात, तापतात कमी, वजनाला हलके, हे सगळं मान्य. पण त्यानं वाया जाणारी वीज वाचते, सॉकेटमधून येणारी वाढत नाही. अमेरिकेत १९७४ साली क्षणभराची नव्हे, तर सलग मिळणारी ताकद सांगण्याचं बंधन अ‍ॅम्प्लिफायर विकणाऱ्यांवर घातलं गेलं, ते उगाच नव्हे.

घरी बांधल्यानं पैसे वाचतात, हा समज मात्र सोडून द्यावा. कॅबिनेट, ट्रान्सफॉर्मर आणि जळालेले ट्रान्झिस्टर धरले तर तयार वस्तू बहुधा स्वस्त पडते. त्यातून नकली ५२०० पदरात पडला तर विचारूच नका. वरची छपाई अस्सल, आत चिप इवलीशी. म्हणून पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावावाच. कपॅसिटर भरेपर्यंत तो भपकन पेटतो आणि मग मंद होत विझत जातो. तसाच पेटलेला राहिला तर हात मागे घ्यावा, स्विच बंद करावा आणि शॉर्ट शोधावा. एवढं खरं बोलणारं उपकरण एवढ्या कमी पैशांत दुसरं नाही.

आता वॅटसाठी इतकं भांडल्यावर उलटंच सांगतो: वॅट हे दुय्यम आहेत. ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला १०० वॅट दिल्यावर जो आवाज होतो, तोच ९५ डेसिबलच्या स्पीकरवर २० वॅटमध्ये होतो. म्हणजे मोठा अ‍ॅम्प्लिफायर बांधण्याआधी चांगला स्पीकर घेतला, तर बांधायची गरजच कदाचित उरत नाही. तरीही बांधायचाच असेल तर ८ ओहमचा डमी लोड लावा, एक किलोहर्ट्झचा सूर सोडा आणि मीटर बघा. सूर न फाटता २८.३ व्होल्ट टिकले, तर तुमचे १०० वॅट खरे. तेवढेच पॅनेलवर लिहा.