आतला ताप

मराठीत उष्णतेसाठी शब्दांची वानवा नाही. ऊब, धग, झळ, उकाडा, तलखी, काहिली. यांतले काही शब्द कातडीबाहेरचे, काही आतले. झळ बाहेरून लागते; काहिली मात्र जिवाची होते.

२०२० साली शहापूर-मुरबाडकडे दारोदारी कपाळासमोर 'गन' धरून ताप पाहिला जाऊ लागला, तेव्हा हा भेद आम्हांला नव्याने जाणवला. ती गन कातडीची उष्णता टिपून आतल्या तापाचा अदमास बांधते. घामेजलेल्या कपाळावर हा अदमास सहज चुकतो. शरीराच्या गाभ्याचे तापमान, जे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्यासाठी देह धडपडत असतो, ते मोजायचे तर तापमापक गुदाशयात किंवा अन्ननलिकेत ठेवावा लागतो, नाहीतर संदेश पाठवणारी गोळी गिळावी लागते. जॉन ग्लेन यांनी १९९८च्या अंतराळप्रवासात अशी गोळी गिळली होती.

संरक्षक पोशाखात राबणाऱ्याच्या बाबतीत हे मोजमाप जिवाशी निगडित असते. श्रमात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो आणि घाम वाळला तरच ती पुरेशी बाहेर पडते. हवाबंद कपड्यात घाम वाहतो, वाळत नाही. गाभा ४० अंशांपलीकडे तापला आणि भान हरपू लागले, की तो उष्माघात.

आमची एक जुनी विद्यार्थिनी त्या मे महिन्यात पीपीई किट घालून रुग्णसेवा करीत होती. ती पुढे एवढेच म्हणाली, "सर, येणाऱ्या प्रत्येकाचा ताप आम्ही मोजला. किटच्या आतला आमचा कोणी मोजला नाही."

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही, मजूर संरक्षक कपडे घालत नाहीत, असा सूर निघाला. पाठीवर भरलेला पंप घेऊन, पुरुषभर उंचीच्या कपाशीत, दमट उन्हात तो पोशाख किती वेळ सोसवेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. न घालणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे असते.

आमच्याकडे भातलावणीला इरले घेतात. ते पाठीवरचा पाऊस अडवते, पण पुढून आणि खालून मोकळे असते. वाकलेल्या अंगाला वारा लागत राहतो. ते घडवणाऱ्याने कोणताही तापमापक वापरला नसेल. पण ते अंगावर घेऊन चिखलात राबणारा माणूस त्याच्या घरचाच होता.