उमेदवारीचा उन्हाळा

नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांना आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे : उमेदवारी. त्यात उमेद आहे, आणि आपण अजून कोणी झालेलो नाही याची जाणीवही आहे. हल्ली कंपन्या त्याच काळाला प्रशिक्षण म्हणतात. माझी उमेदवारी बंगळूरला झाली आणि त्या उन्हाळ्याचे तीन महिने मी शहराच्या दक्षिणेकडील बनशंकरी या वस्तीत काढले.

वस्तीचे नाव ऐकताच माझ्या आईची निम्मी चिंता मिटली. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांची कुलदेवता. पौषातील शाकंभरी नवरात्रात तिला १०८ भाज्यांचा नैवेद्य दाखवितात, हे आईने आजीकडून ऐकलेले. बंगळूरचे देऊळ कनकपुरा रस्त्यावर आहे. तेथे भाविक लिंबाच्या अर्ध्या सालीत दिवा लावतात, आणि तोही राहुकाळात. म्हणजे जी वेळ इतरत्र शुभकार्याला टाळावयाची, नेमकी तीच येथे पूजेची. देवता ओळखीची, रीत मात्र निराळी.

तशी ही वाट मराठी माणसाला नवी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस दोनच वर्षांत येथे आली. आमच्या वर्गातही आठ राज्यांतील मुलेमुली होती. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे हे आमचे काम. परंतु पहिला महिनाभर आम्हांला फारसे काही लिहूच दिले नाही. आमचे शिक्षक म्हणत, "आधी जे लिहिलेले आहे ते वाचा. ज्यांनी लिहिले ते तुमच्यापेक्षा कमी शहाणे नव्हते." हा धडा वर्गाबाहेर अधिक उपयोगी पडेल, असे मात्र त्या वेळी वाटले नव्हते.

आम्ही चौघी एका घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. खाली घरमालकांची वृद्ध आई राही. तिला सारे 'अज्जी' म्हणत, आणि आपल्या 'आजी'हून हा शब्द फार दूर नाही, म्हणून मीही म्हणू लागले. तिला कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नसे. संध्याकाळी आम्ही जिना चढू लागलो की तिचा प्रश्न ठरलेला : "ऊटा आयिता?" जेवण झाले का?

मी एक लहानशी वही केली आणि कानांवर पडेल तो शब्द तीत टिपू लागले. तुपाला तुप्पा, हुडकण्याला हुडुकु, गुंडीला गुंडीच. अण्णा आणि अक्का तर आपल्याच घरातले. रामनवमीला गल्लीत पानक, ताक आणि कोसंबरी वाटली. भिजविलेली मुगाची डाळ आणि काकडी यांची ती कोसंबरी चाखताना आपली कोशिंबीर आठवली. त्याच सुमारास चामराजपेठेत, किल्ल्याजवळच्या शाळेच्या पटांगणावर, श्रीरामसेवा मंडळीचा संगीतोत्सव चालतो. १९३९ पासूनची ही परंपरा. तेथे शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी मला मांडीवर हाताने ताल धरावयास शिकविले. शब्द कळत नव्हते. ताल कळत होता.

माझ्या मैत्रिणींना वहीचे हसू येई. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कचेरीत इंग्रजी चालते, बाजारात हिंदीवर भागते, आणि उद्या बदली हैदराबादला झाली तर तेथे तेलुगू. मनुष्याने भाषा तरी किती शिकाव्यात? या प्रश्नाला त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. ते वैशाखातल्या एका एकादशीने दिले.

त्या दुपारी मी एकटीच घरी होते. खालून भांडे पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो अज्जी भिंतीला टेकून बसलेली, अंग घामाने डबडबलेले, हात थरथरत असलेले. "तले... सक्करे... मात्रे..." एवढेच ती पुटपुटत होती. तले म्हणजे डोके, सक्करे म्हणजे साखर, मात्रे म्हणजे औषधाची गोळी. तिन्ही शब्द माझ्या वहीत होते. मी तिचाच रोजचा प्रश्न तिला विचारला, "ऊटा आयिता?" तिने मान हलविली, "इल्ला." तिने मधुमेहाची गोळी घेतली होती आणि उपास मोडलेला नव्हता. ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती. मी साखरेचे पाणी घोटघोट पाजले आणि मग तिच्या मुलाला दूरध्वनी केला. पाव तासाने तिची नजर स्थिरावली. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते, तेव्हा वैद्यकीय सल्ल्यावाचून कडक उपास करू नये, असे डॉक्टरांनी नंतर बजावले. आपल्या घरी वडीलधारी माणसे असतील, तर वाचकांनीही हे ध्यानी ठेवावे.

वहीला हसणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीने त्याच रात्री तिचे पहिले पान उतरवून घेतले.

जूनच्या आरंभी आम्ही चौघी श्रवणबेळगोळला गेलो. सहाशेंच्या वर पायऱ्या चढून गेल्यावर दहाव्या शतकातील गोमटेश्वराची भव्य मूर्ती सामोरी येते. तिच्या पायांशी, ही मूर्ती चामुंडरायाने करविली, या अर्थाचे वाक्य कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि मराठीत कोरलेले आहे. मराठीच्या अगदी जुन्या कोरीव लेखांत या ओळीची गणना होते. आपल्या भाषेची इतकी जुनी खूण कर्नाटकातल्या एका टेकडीवर, दोन शेजारणींच्या सोबतीने उभी आहे, हे पाहून मी बराच वेळ तेथे थांबले.

अशी सोबत पुढेही चालत आली आहे. ज्यांची घरची भाषा मराठी, त्या धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांना कन्नड काव्यासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. गदग भागात १९२२ साली जन्मलेले पंडित भीमसेन जोशी पुण्याचे झाले, आणि त्यांची अभंगवाणी मराठी घराघरांत पोहोचली. या दोघांनी आपली भाषा सोडली नाही, दुसरी जोडली.

मैत्रिणींच्या प्रश्नाला आज मजजवळ उत्तर आहे. सगळ्या भाषा कोणालाच शिकता येत नाहीत. परंतु ज्या घराचा जिना आपण रोज चढतो, त्या घरचे पन्नास शब्द कोणालाही शिकता येतात. आमच्या गावाकडची मुले नोकरीसाठी परप्रांती निघाली की सोबत काय न्यावे, असे विचारतात. पांघरूण आणि लोणचे त्यांच्या आया देतातच. मी त्यांना एक कोरी वही देते.